चावीवाल्या काकांची चूक

आमच्या विभागात संगीत संशोधनाचा एक संयुक्त प्रकल्प आहे आणि त्याला सल्ला द्यायला दर तीन महिन्यांनी चार तज्ज्ञ येतात. एक मेंदूचे, तेच अध्यक्ष. एक यंत्रांचे, एक आकडेवारीचे, आणि चौथ्या गायनाच्या बाई, ज्या तिघांची री ओढतात. पियानोचं झाकण एकालाही धड उघडता येत नाही. मागच्या वर्षी अध्यक्षांचं बोट त्यात चेमटलं, तर अख्खी बैठक पुढे ढकलली. उंटावरचे शहाणे बघायचे असतील तर या कधीतरी. बारा वर्षं इतिवृत्त मीच लिहिते.

सांगायचंय ते मात्र चावीवाल्या काकांबद्दल. विभागातले अकरा पियानो एकतीस वर्षं तेच जुळवत आले. हातात तारा पिळायची चावी, खिशात बाकीच्या तारा दाबून धरायला नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे तुकडे, काखेत जेवणाचा डबा. पट्टी दाबायची, मान तिरकी करायची, चावी केसभर फिरवायची. कोणी मधे बोललं तर रागवत नसत, पहिल्यापासून सुरू करत. त्यामुळे कोणी बोलत नसे.

एक दिवस यंत्रवाल्यांनी मोजमापाचं यंत्र आणलं. निघालं असं की वरचे सूर गणितापेक्षा जरा चढे, खालचे जरा उतरलेले, आणि अकराही पियानोंत अगदी तसेच. एकच चूक अकरा ठिकाणी इतकी सारखी कशी, हा प्रश्न शाळकरी पोराला पडला असता. यांना पडला नाही. काका समजवायला गेले, की तार ताठ असते, गणिताबरहुकूम लावली तर कानाला वरचे सूर पडलेले वाटतात, म्हणून मुद्दाम थोडं चढं ठेवायचं. ते ऐकताना अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं. ‘एकतीस वर्षे सदोष जुळवणी’ असा शेरा फाइलीत गेला आणि काकांचं काम गेलं.

मग सभागृहातला पियानो यंत्राने जुळवला आणि चाळीस श्रोते बसवून प्रयोग केला. छत्तीस जणांनी लिहिलं, वरचे सूर पडलेत. आकडेवारीवाल्यांनी आधी श्रोतेच बदलून बघितले. पुन्हा तेच उत्तर. शेवटी गुपचूप काकांना निरोप गेला.

काका आले, सकाळपासून दुपारपर्यंत काम केलं आणि जाताना माझ्या टेबलाशी थांबले.

“ताई, नोकरी परत नकोय मला,” ते म्हणाले. “माझी चूक नव्हती, एवढं एक वाक्य इतिवृत्तात घाला. मुलीला हेच काम शिकवलंय मी. तो शेरा ऐकून तिला कोणी दारात उभं करत नाही.”

मी हो म्हटलं.

तिसऱ्या प्रयोगात सगळे श्रोते खूश झाले. बैठकीत अध्यक्षांनी हात चोळत सांगितलं, “लिहा, यंत्राची जुळवणी यशस्वी.” गायनाच्या बाईंना सगळं ठाऊक होतं. काका काम करताना त्या सभागृहाच्या दारात उभ्या होत्या, मी पाहिलं होतं. तरी मूग गिळून बसल्या. मला त्यांची मनापासून किळस आली. इतकी वर्षं गाण्यात घालवून हिला दोन शब्द खरे बोलता येऊ नयेत?

मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत मी टाइप केलं, यंत्राची जुळवणी यशस्वी. दुसरं काही घातलं नाही. कागद एकदा वाचून पाहिला आणि सहीसाठी अध्यक्षांपुढे ठेवला.