काकांची हातबोशी

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. घरात देवासच्या शेजाऱ्यांचा विषय निघाला की मी त्यांचे विनोद सांगायचो, आणि बोलणं धारच्या त्या दिवसाजवळ आलं की चहा मागायचो.

आम्ही माळव्यात धारला वाढलेले, मराठीत हिंदी मिसळणारे. सत्तरच्या दशकात मी देवासला कारखान्यात लागलो. शेजारच्या क्वार्टरमध्ये अलिबागकडचं एक बेने इस्राएल कुटुंब होतं. मराठी बोलणारे यहुदी. काका आमचे फोरमन. गावात त्यांचं प्रार्थनास्थळ नव्हतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काका घरीच प्रार्थना म्हणत. ती संपली की हातबोशी. वडीलधाऱ्याने दोन्ही हात पुढे करायचे, समोरच्याने त्यांत आपले हात द्यायचे, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची.

एकदा मी वाटी परत द्यायला गेलो, तेव्हा हे चाललं होतं.

"ये भिया, शालोम. हात दे." भिया म्हणजे माळव्यातला भैया, आणि शालोम म्हणजे त्यांच्या हिब्रूत शांती.

"काका, मेरे हाथ... म्हणजे, हात तेलकट आहेत."

"तुझ्या मराठीपेक्षा स्वच्छच असतील!"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून शुक्रवारची हातबोशी मलाही मिळू लागली.

आमच्या रांगेतल्या ख्रिस्ती नर्सबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्या अगदी पहिल्या मंडळ्यांतही प्रभुभोजनाआधी एकमेकांना शांतीचं चुंबन देत. मनात राग ठेवून ते देता येत नसे. हातबोशीचंही तसंच. हात मागे घेतला, म्हणजे नातंच मागे घेतलं."

म्हणजे मला अर्थ ठाऊक होता.

पुढे धारला माझ्या बहिणीचा साखरपुडा ठरला. काका नारळ घेऊन बसने आले. दारातच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "शालोम, भिया!" आतून मामा आणि व्याही बघत होते. परक्या धर्माची रीत पाहून ते काय म्हणतील, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो आणि लांबूनच नमस्कार केला. काकांचे हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी स्वतःचीच बोटं ओठांना लावली.

"कोण हे?" मामांनी विचारलं.

"फॅक्टरीतले कोणीतरी."

काका ऐकू येण्याइतके जवळ होते. तरी जेवले, बहिणीला आशीर्वाद देऊन गेले. नंतर मी शुक्रवारी काही ना काही काम काढू लागलो.

पावसाळ्यानंतर त्यांचा मोठा उपास आला. त्या दिवशी ते दार लावून प्रार्थना करत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. घरोघरी जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. देवासला त्यांच्या समाजाची दुसरी घरं नव्हती. काका माझ्या दारात आले.

"धारला चारचौघांत हात पुढे केला, तुझी पंचाईत झाली. माझं चुकलं. सांभाळून घे."

"अहो काका, काहीतरीच काय!"

मी हसण्यावारी नेलं. त्यांनी हात पुढे केले. या वेळी मी दिले, आणि काकूंनी त्यांच्या घरून करंज्या आणल्या. पुढे ते मुलीकडे ठाण्याला जाईपर्यंत मी एकही शुक्रवार चुकवला नाही. आज माझ्या नातवाला मराठी वाचता येत नाही, पण हातबोशी येते; शाळेतून आला की आधी हात पुढे करतो.

काका मात्र आता नाहीत. त्या शिळ्या सणाला दारात म्हणायचं होतं ते इतकंच होतं: काका, चूक तुमची नव्हती, माझी होती. तुम्ही फॅक्टरीतले कोणीतरी नव्हता. तुम्ही माझे होता. मला माफ करा.