कोणाकडे उतरली होती?

अंदमानहून परतताना चंद्रपूरला रेल्वेतून उतरले, वणीपर्यंत आले आणि तिथून पांढरकवड्याची एसटी धरली. शेजारी एक म्हातारी बसली होती. लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले, बोंडं बोचून बोटांची टोकं फाटलेली. माझी भली मोठी पाठपिशवी तिनं नीट निरखली.

"नाक तं पार सोललं तुयं. कुठी गेलती वं माय?"

"समुद्रातल्या बेटावर. फिरायला."

"कोनाकडं उतरली होती?"

कोणाकडेच नाही, मी म्हटलं. एका खोलीत एकावर एक खाटा, त्यांवर माझ्यासारखेच पाठपिशवीवाले. मावळता सूर्य पाहायलासुद्धा ढकलाढकली. बेटावरची माणसं भेटली ती फक्त गल्ल्यामागे बसलेली.

तिचा चेहरा पडला. "एवढ्या दूर गेली, अन् कोनाच्या चुलीपाशी नाही बसली? मंग निंगताना शिदोरी कोनं देल्ली?"

मला हसू आलं.

त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं; घराघरांत तो छतापर्यंत पडून होता. तिच्या पिशवीत लेकीसाठी उकडलेल्या तुरीच्या शेंगा तेवढ्या होत्या. लेकीचं गाव जवळ आलं, तशा त्यातल्या ओंजळभर शेंगा तिनं माझ्या ओढणीच्या टोकात घट्ट बांधल्या.

"खाली हातानं घरी जाऊ नये," म्हणाली आणि उतरली.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "काय आणलंस गं तिकडून?"

मी ओढणीची गाठ सोडली.