मोठीआईचे आंघोळीचे पाणी

मोठीआई गेल्याचे मला डोमाजीने सांगितले. डोमाजी आमच्या गावचा. एका व्यापाऱ्याच्या तांदळासोबत तो नागपूरला आला होता आणि विचारत विचारत आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी तोंडात दातवण धरूनच बाहेर आलो, तर तो म्हणाला, "बाबू, तुमची मोठीआई गेली. परवा." मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ते भाऊ माझ्या जन्माआधीच वारले. तिला मूलबाळ नव्हते, आणि मी तिच्याच अंगाखांद्यावर वाढलो. अशा वेळी माणूस काय विचारतो... कशाने गेली, त्रास झाला का. माझ्या तोंडून निघाले, "तिची आंघोळ झाली होती का?" डोमाजी माझ्याकडे बघतच राहिला. "मले काय माहीत, बाबू," तो म्हणाला, "मेल्यावर त घालतेतच ना आंघोळ."

त्याच आंघोळीवर मोठीआईचा राग होता. मी लहान असल्यापासून ती म्हणायची, "जित्तेपणी म्हाताऱ्या माणसाले कोणी पाण्याचा लोटा देत नाही, अन् मेल्यावर गावभरच्या बाया जमून घासतेत. मी ज्या दिवशी जाईन ना, त्या दिवशीची आंघोळ माह्याच हातानं झाली पाह्यजे. त्यायले धुवाले काही ठेवणार नाही मी." लोक हसत. ती हसत नसे. म्हणून छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीतून गावाकडे जाताना सबंध वाटभर माझ्या डोक्यात दुसरे काही आलेच नाही.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मोठ्या माणसांवर लेख येतात, हे मला ठाऊक आहे. न्हाणीत बसून अंग घासणाऱ्या म्हातारीवर काय लिहायचे, असे माझ्या एका मित्राने विचारलेही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि काय लिहावे, काय लिहू नये याची समज मला अजून आलेली नाही. पण मोठीआई आयुष्याची शेवटची वर्षे ज्या एका गोष्टीसाठी घराशी आणि गावाशी भांडली, ती गोष्ट सांगायला लाजलो तर मी तिचा कोणीच नाही. तेव्हा लिहितोच.

आमचे गाव नवेगावच्या बांधाजवळ, मोठ्या तळ्याच्या काठी. सगळा गाव तळ्यावरच आंघोळ करी आणि मोठीआईही करी, पण तिची आंघोळ म्हणजे अंगावर पाणी ओतून घेणे नव्हते. आधी करंजाच्या काडीने दात, मग धानाच्या तुसाची राख आणि मीठ घेऊन पुन्हा दात, मग तीच काडी उभी चिरून जीभ. दातावरून ओले बोट फिरवायचे आणि ते करकर वाजले तरच चूळ भरायची. टाचा खापराने घासायच्या. केसांना रिठे नाही तर तळ्यातली काळी माती. पावसाळा सरला की धानाच्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून ती नागरमोथ्याच्या मुळ्या खणून आणी, वाळवून कुटी आणि हरभऱ्याच्या पिठात मिसळून अंगाला लावी. ती जवळून गेली की ओल्या मातीसारखा, थोडा गोडसर वास यायचा. विधवा बाईने वासाचे काही लावू नये, असे शेजारच्या राधाकाकूने एकदा तिला तोंडावर ऐकवले होते. मोठीआई म्हणाली, "अवो, बांधीतला मोथा आहे हा. निंदाले गेली की तुह्याही हाताले याचाच वास येते. तेव्हा काऊन नाही म्हणत?" राधाकाकूही हटणारी नव्हती. "पण या वयात कोणाले दाखवाचा आहे एवढा साजशिनगार?" तेव्हा मोठीआईने तिला जे उत्तर दिले, ते आमच्या घरात अजून बोलले जाते. "माह्या नाकाले," ती म्हणाली. "चोवीस तास माह्यासंगच राहाते ते."

मी नागपूरला आलो तेव्हा पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. खोलीतल्या मुलाकडे दात घासायचा ब्रश होता, पत्र्याच्या डबीत गुलाबी पूड होती, आणि माझे दातवण पाहून तो दोन दिवस मला रानातला म्हणाला. सुटीत मी हे मोठीआईला सांगितले तेव्हा वाटले होते की तिला माझी दया येईल. ती म्हणाली, "त्याच्या तोंडाचा वास कसा आहे, ते सांग मले." मी आठवून पाहिले आणि मला हसू आले. "मंग? दात घासाचे आहेत का डबी दाखवाची आहे?" अजूनही मी दातवणच वापरतो. डोमाजी आला तेव्हा ते तोंडात होते, ते असे.

वय वाढले तसे तिचे शरीर तिला साथ देईना. हे लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला. पण ती स्वतः कधी लपवत नव्हती. खोकला आला, जोराने हसू आले की तिचे लुगडे ओले व्हायचे. आमच्याकडे अशा म्हाताऱ्या बाया काय करतात ते मी पाहिले आहे. त्या पाणी पिणे सोडतात, कोणाच्या जवळ बसत नाहीत, पडवीतल्या एका कोपऱ्यात पोते टाकून घेतात आणि हळूहळू घर त्यांना विसरते. मोठीआईने जुन्या लुगड्याच्या घड्या शिवून घेतल्या. भिजलेली घडी ती लगेच बदलत असे, राखेच्या पाण्यात स्वतः धुवायची आणि अंगणाच्या कुंपणावर उन्हात वाळत घालायची. लढाईचे दिवस होते, कापड मिळत नव्हते, तरी या घड्यांसाठी तिने आपल्या दोन लुगड्यांपैकी एक फाडले. माझ्या आईला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. "बाई, लोक पाहून राहिले ना," आई म्हणायची. "पाहू दे, सरू. धुतलेलंच आहे." पाणी कमी पी, असे सांगायला बाबा गेले तर तिने त्यांच्यासमोरच लोटाभर पाणी पिऊन दाखवले.

मग गेल्या हिवाळ्याआधी ती तळ्याच्या काठाच्या चिखलात पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, पण कंबर धरली. बाबांनी निकाल देऊन टाकला. तळे बंद, आंघोळ बंद, हिवाळाभर ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचे. बाबांचेही खोटे नव्हते. गारठ्याने गेलेली म्हातारी माणसे गावाने पाहिली होती. मोठीआई भांडली नाही. संध्याकाळी आईने तिचे ताट वाढले, तर तिने ते हाताने दूर सारले. "न्हाल्याबिगर मी जेवली नाही कधी," ती म्हणाली. "आता या वयात काऊन शिकू?" दुसऱ्या दिवशीही तेच. मी दिवाळीच्या सुटीसाठी घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर डोके धरून बसले होते. "वहिनी, मरसान अशानं," ते म्हणत होते. आतून उत्तर आले, "मरीन. पण घाणीत नाही मरणार, भाऊजी."

मी बाबांपुढे कधी बोललो नव्हतो. त्या दिवशीही फार बोललो नाही. "पाणी तळ्यावर नको असेल तर घरी आणतो," एवढेच म्हणालो आणि कुऱ्हाड घेऊन निघालो. अंगणाच्या कडेला बांबूचे तट्टे बांधून आडोसा केला, खाली पाटासारखा दगड बसवला आणि बसताउठताना धरायला एक जाड बांबू जमिनीत खोल पुरला. मोठीआईने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. "कॉलेजात शिकवतेत काय हे?" मी नाही म्हणालो. "मंग कायले जातेस तिथं," ती म्हणाली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

आता अडचण राहिली गरम पाण्याची. सकाळी आईच्या चुलीवर माणसांची भाकर-भाजी असे, तिथे पाण्याचा गंज, म्हणजे मोठे पातेले, ठेवायला जागा नव्हती, आणि आईची मर्जीही नव्हती. मोठीआईने तीन दगड उचलून आणले, अंगणातच मांडले आणि काटक्या पेटवल्या. आमच्याकडे अंगणात तीन दगडांवर पाणी एकाच कारणासाठी तापते. घरात कोणी मेले की त्याला आंघोळ घालायला. एरवी कितीही अडले तरी कोणी तसे करत नाही. तिला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण तिला पाणी हवे होते. धुकट सकाळ होती, धूर कुंपणावरून सरळ वर गेला. सगळ्या आळीला ठाऊक होते की म्हातारी पडली आहे आणि जेवतही नाही... थोड्याच वेळात राधाकाकू डोक्यावरून पदर ओढून दारात आली. तिच्यामागे आणखी बाया आल्या. "कशी वो गेली माही बाई," म्हणत राधाकाकूने गळा काढला, आणि माझी आई हातातले पीठ तसेच ठेवून बाहेर धावली. तेवढ्यात तट्ट्याच्या मागून आवाज आला. "कोण गेली वो, राधा?" ओल्या केसांनी, लुगडे गुंडाळून, बांबू धरून मोठीआई उठून उभी राहिली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिले. "आल्याच आहा त एकजण पाठ घासून द्या. माहा हात पुरून नाही राहिला."

राधाकाकू आधी रागावली, मग हसता हसता खाली बसली आणि डोळे पुसत आत गेली. पाठ तिनेच घासली. बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला मोथ्याचा वास होता, आणि तो ती पुन्हा पुन्हा हुंगून पाहत होती.

त्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या अंगणात धूर निघू लागला. जाणत्यांनी बाबांना बोलावून सांगितले की हा अपशकुन आहे, जित्या माणसाचे पाणी मयतीच्या चुलीवर तापवू नये. बाबांनी ते घरी येऊन सांगितले. मोठीआई म्हणाली, "पाण्याले माहीत आहे का, कोण जित्तं अन् कोण मेलं?" आणि धूर निघतच राहिला. थोड्या दिवसांनी कोणी दचकेनासे झाले. पाण्याला जाणाऱ्या बाया धूर पाहून म्हणत, म्हातारी न्हाऊन राहिली.

डोमाजीचा निरोप ऐकून मी घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर होती. मी विचारण्याआधीच तिने सांगितले. त्या सकाळी मोठीआईने रोजच्यासारखे पाणी तापवले, आंघोळ केली, घडी धुऊन कुंपणावर टाकली आणि केस वाळवायला उन्हात भिंतीला टेकून बसली. आई पेज घेऊन गेली तेव्हा ती तशीच बसलेली होती. "मी हाक मारली, त नाही बोलली," आई म्हणाली. मग आईने त्याच तीन दगडांवर पुन्हा पाणी ठेवले. या खेपेला ते मयतीचे होते. धूर वर गेला, वाटेवरून बाया घागरी घेऊन गेल्या आणि कोणीही थांबले नाही. शेवटी आईला घराघरात जाऊन सांगावे लागले. राधाकाकूने तर ऐकूनच घेतले नाही. "आत्ताच धूर पाहिला मी," ती म्हणत होती. आंघोळ घालायला बाया जमल्या. राधाकाकूने मोठीआईच्या केसांत हात घातला, ते अजून ओले होते. तिने टाचा पाहिल्या, नखे पाहिली आणि लोटा खाली ठेवला. "इले काय धुवाचं?" ती म्हणाली. रीत म्हणून एक लोटा पाणी खांद्यावरून सोडले, तेवढेच.

तेरवी झाली तेव्हा गावातले एक जाणते अंगणात आले आणि ते तीन दगड उचलून गावाबाहेर टाकायला बाबांना सांगू लागले. रीत तशीच आहे. बाबा वाकलेही. मोठीआईशी वर्षानुवर्षे भांडलेली माझी आई तेव्हा घरातून बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरला, आणि कधी नाही ती परक्या पुरुषासमोर मोठ्याने बोलली. "हे दगड मयतीचे नोहेत," ती म्हणाली. "न्हाणीचे आहेत. राहू द्या."

मी नागपूरला परतण्याच्या सकाळी जाग आली ती काटक्या पेटल्याच्या वासाने. अंगणात तीन दगडांवर गंज होता, कुंपणावरून धूर सरळ वर चढत होता. वाटेने दोन बाया घागरी घेऊन गेल्या, त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही. तट्ट्याच्या मागे पाण्याचा आवाज होत होता. "कोण आहे?" मी विचारले. "मी," आई आतून म्हणाली. "मोथ्याची पुडी कोनाड्यात आहे. दे इकडं."