अंगावरचे काळेनिळे डाग

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं. माहेर पुणतांब्याचं, सासर नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातलं. भातकापणी सुरू झाली आणि माझ्या दंडांवर, मांड्यांवर काळेनिळे डाग उठायला लागले. नुसती पाटी कमरेवर टेकवली तरी तिथं डाग. हिरड्यांतून रक्त यायचं, पण राखुंडी खरखरीत असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

दिवाळीला माहेरी गेले. अंगाला तेल लावताना आईनं माझी पाठ पाहिली आणि तिचा हात थांबला. जावई मारतो, असंच तिला वाटलं. मी परोपरीनं नाही म्हटलं, तर म्हणाली, मार खाणारी प्रत्येक पोर असंच सांगते.

नवरा मला न्यायला आला, तेव्हा वडिलांनी त्याला पाणीही विचारलं नाही. ओट्यावरच उभं करून म्हणाले, "पोरीवर हात उचलता का तुमी?"

"न्हाई," तो म्हणाला. "त्या डागांनी मीच भ्यालोय. हिला नगरला दाखवू. तुमी बी संगं चला."

ते बोलत असतानाच माझ्या नाकातून रक्त सुरू झालं. पदर भिजला तरी थांबेना. मग मिळाली त्या एस्टीनं तिघंही नगरला गेलो.

दवाखान्यात वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाकात बोळा घालून रक्त थांबवलं, दोघांना बाहेर काढलं आणि घरात कोणी मारतं का, हे मला एकटीला विचारलं. तोंडात बॅटरी मारून पाहिलं, पोटऱ्या पाहिल्या. मग वडिलांना आत बोलावून माझ्या पायांवरचे मोहरीएवढे लाल ठिपके दाखवले. "हे मारानं येत नाहीत. असेच तोंडातही आहेत. दोष रक्तात आहे."

पण खरी भीती तिथून पुढं होती. रक्ताचा कॅन्सर तर नाही, हे पाहायला माझ्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. नवरा बाहेरच्या बाकावर बसून होता. वडील त्याच्यापासून लांब, लिंबाखाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांना एकत्रच बोलावलं. कॅन्सर नव्हता. रक्त गोठवणारे कण मगजात भरपूर तयार होत होते, पण माझं शरीरच त्यांना परकं समजून मारून टाकत होतं. त्यावर गोळ्या होत्या. "बहुतेक बरी होईल," बाई म्हणाल्या.

मला रडूच आलं. वडील नवऱ्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं, माजं चुकलं."

"तुमी बाप हाय तिचं," तो म्हणाला. "तिला काय झालंय ते कळलं, मला लई झालं."

दोघं मिळून चहाला गेले आणि माझ्यासाठी पेल्यात घेऊन आले.

गोळ्यांनी माझा चेहरा पुरीसारखा फुगला. महिन्याभरात ठिपके गेले, हळूहळू गोळ्याही सुटल्या. पुढं वडील अकोल्याला आले की आधी जावयाच्या शेतावर जायचे, मग माझ्याकडे. मला त्याचा कधी राग आला नाही.