टाचणीचा पांढरा कोट

आमच्या बाजारात पुरुषांचा कोट माझ्यासारखा शिवणारा दुसरा कोणी नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त विसरणाऱ्यांना आठवण करून देतो. खांद्यावर एक सुरकुती दाखवा आणि कोट फुकट घेऊन जा, असं मी छातीठोक सांगतो. अजून कोणी फुकट नेला नाही. तेव्हा माझी बहीण डॉक्टरीच्या कॉलेजात लागली आणि कोणीतरी म्हणालं की पांढरे कोट तयार मिळतात, तर मला हसूच आलं. हलवायाच्या घरी कोणी बाहेरून मिठाई आणतं का?

बहिणीला सगळे टाचणी म्हणतात. लहानपणी अंगाने तशीच होती आणि बोलणंही टोचणारं. आई-बाबा लवकर गेले, मग ती दुकानातच वाढली. कापडाच्या ताग्यांवर झोपायची, इस्त्रीच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. मी आठवीत शाळेला रामराम ठोकला, पण तिचा पहिला नंबर आला की बाजारातून असा चालायचो, जसा काही पेपर मीच लिहिलाय.

दुकानाच्या पाटीवर 'जेंट्स टेलर' असं लिहिलंय. तरी बायकाही थंडीतले कोट शिवून घ्यायला यायच्या, आणि नीट माप द्यायला लागल्या त्या टाचणीमुळे. त्याआधी मला कोण बाई माप घेऊ देणार? जुना कपडा समोर टाकायच्या, 'यावरून शिवा' म्हणायच्या. बाई कपड्यापेक्षा केव्हाच पुढे गेलेली असायची, मग नवा कोटही काखेत काचायचा. टाचणीला हे बघवेना. जरा मोठी झाली तशी तिने कोपऱ्यात पडदा लावला, टेप गळ्यात टाकली आणि आत उभी राहिली. ती आतून आकडे ओरडायची, मी बाहेर लिहायचो. आकड्यांच्या मधे मधे बायका तिला काय काय सांगायच्या. पाठ, पोट, पाळी, सासू. आवाज हळू झाला की मी मशीनखाली एक चिंधी सरकवायचो आणि उगाच चालवत बसायचो, म्हणजे मला ऐकू येणार नाही. नुसत्या टाक्यांनी भरलेल्या त्या चिंध्यांची एक पिशवी अजून आहे माझ्याकडे.

समोर घड्याळवाल्याचं दुकान आहे. त्याचा मुलगा आणि टाचणी एकाच पुस्तकांवर शिकले. सकाळी त्याच्याकडे, संध्याकाळी हिच्याकडे, पुस्तकं रस्ता ओलांडून जायची-यायची. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत त्याला हिच्यापेक्षा थोडे जास्तच मार्क पडले. पण कॉलेजात काही जागा मुलींसाठी राखीव होत्या. टाचणी त्यात बसली, तो अगदी थोडक्यात राहिला.

मी काय करणार? सगळ्या बाजाराला चहा पाजला. घड्याळवाल्यालाही कप नेऊन दिला. तो डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला, "ठेव तिथे. राखीव चहा असेल ना?"

"नाही रे बाबा, सगळ्यांना तोच आहे," मी म्हटलं. "तुझ्यात फक्त साखर जास्त घातलीय. तोंड फार कडू दिसतंय."

त्याने कप उचलला नाही. चहावर साय धरली तरी तसाच होता. पोरगा मागे स्टुलावर बसला होता, त्याने मात्र मला हळूच विचारलं, "टाचणीला सांगा ना, पुस्तकं मला राहू देत?"

मग मी कोट शिवायला घेतला. कॉलर बघाल तर आरशासारखी. खिसे खोल. आणि आत कापड दाबून भरपूर ठेवलं. पोरीचं अंग अजून भरायचंय, उसवून वाढवता आला पाहिजे. पहिल्या दिवशी ती कोट घालून गेली आणि संध्याकाळी परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, याची बटणं कुठल्या बाजूला आहेत?"

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. उजव्या बाजूला! पुरुषाच्या कोटाची बटणं उजवीकडे, बाईच्या कोटाची डावीकडे, हे नवशिक्या शिंप्यालाही कळतं. बायकांचे एवढे कपडे शिवले, कधी चुकलो नाही. पण डॉक्टरचा कोट म्हटल्यावर हात आपोआप पुरुषाच्या बाजूला गेला.

"वर्गातल्या एकाने पाहिलं," ती म्हणाली. "म्हणाला, वा, जागा बाईची आणि कोट पुरुषाचा!"

"काढ, आत्ताच्या आत्ता बदलतो. आणि त्या पोराचा पत्ता दे मला."

"राहू दे दादा. असाच बरा आहे. निदान कोट तरी खुल्या जागेतला वाटतो."

ती हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो. ती हॉस्टेलवर राहायला गेली.

पहिल्या सुट्टीला आली ती गादीसकट. पेटी, पुस्तकं, बादली, सगळं रिक्षातून उतरवलं. मला वाटलं चादरी धुवायच्या असतील.

"मी परत जाणार नाहीये," ती म्हणाली. "सुट्टी संपायच्या आत कॉलेजला कळवते."

मी हातातली कात्री खाली ठेवली. "कोणी त्रास दिला का?"

"कोणी नाही. म्हणजे बोलतात, पण ते सोड." तिने समोर बघितलं. घड्याळवाल्याचा पोरगा काउंटरवर बसून कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा बदलत होता. "ते बघितलं की मला इथे उभं राहवत नाही. तिथे त्याने असायला हवं होतं."

"तू काय हिसकावून घेतलीस जागा? दिलीय तुला!"

"तेच तर ना, दादा. दिलीय."

"तू सोडलीस म्हणून ती जागा त्याला थोडीच मिळणार?" मी म्हणालो.

"नाही मिळणार. पण माझ्याकडे तरी नसेल."

आणि ती काज करायला बसली. इतकं सुबक काज करत होती की मला रडू यायला लागलं. शिंपी म्हणून सोनं होती पोरगी, पण मला घरात दुसरा शिंपी नको होता.

असे काही दिवस गेले. एका दुपारी घड्याळकाकू दुकानात आल्या. घड्याळवाल्याची बायको. निकाल लागल्यापासून त्यांनी आमच्या बाजूचा रस्ता धरला नव्हता.

"कोट शिवायचाय," त्या म्हणाल्या. "गडद रंगाचा. सैल."

"काकू, मागचाही गडद आणि सैलच होता. त्याच्या मागचाही. तुम्हाला मी जरा फिका, अंगाबरोबरचा शिवून देतो, बघा कसा..."

"तुला कोणी विचारलं रे? कुठाय पोरगी?"

टाचणीने टेप उचलली आणि त्यांना पडद्याआड नेलं. खांदा आला, बाही आली. कंबर काही येईना. आतला आवाज खाली गेला. मी नेहमीसारखी चिंधी सरकवली आणि मशीन सुरू केलं. तेवढ्यात धागा तुटला.

टाचणी म्हणत होती, "...म्हणून म्हणते काकू, तुमच्या घरात डॉक्टर व्हायला हवा होता. इतके दिवस अंगावर काढायची वेळ आली नसती."

"अगं वेडे," काकू म्हणाल्या, "तो दहा वेळा डॉक्टर झाला असता तरी हे मी माझ्या पोराला दाखवलं असतं का? त्याच्या बापाला नाही सांगितलं अजून. तू आल्याचं कळलं म्हणून आले. कोट कोणाला हवाय!"

मी धागा ओवायला घेतला. आंधळ्यानेही ओवावी अशी मोठ्या नेढ्याची सुई, आणि मला नेढंच दिसेना. शेवटी रिकामंच मशीन चालवलं.

काही वेळाने दोघी बाहेर आल्या. टाचणीने टेप माझ्या गळ्यात टाकली. "काकू, मी अजून काही म्हणजे काही शिकलेली नाही. पण आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे जाऊ. मी आतसुद्धा तुमच्याबरोबर थांबेन. दादा, दुकान बघ."

जसं काही एरवी दुकान तीच बघते!

काकूंना काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. टाचणीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे लिहायच्या आधी काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "लिही, पण माझं दुखणं लिहू नकोस." माहीतच नाही तर लिहिणार काय, कपाळ?

दिवेलागणीला टाचणी परतली. पाणी प्यायली आणि भांडं हातात धरूनच सांगायला लागली.

"मॅडमच्या खोलीबाहेर बसायला जागा नव्हती रे. जमिनीवरसुद्धा बायका. शेजारच्या खोलीत पुरुष डॉक्टर होते, चांगले आहेत ते, बाक रिकामं होतं. शिपाई सांगत होता, तिकडे जा, तिकडे जा. बायका उठून घरी गेल्या, दादा. तिकडे गेल्या नाहीत."

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुन्हा भरून आणून दिलं.

सकाळी दुकान उघडलं तर माझ्या टेबलावर पांढरा कोट ठेवलेला.

"बटणं बदल याची," ती म्हणाली. "बायकांच्या बाजूला घे."

"काज एकदा कापलं की बुजवलं तरी दिसतं. नवीनच शिवतो. आठवड्याभरात देतो."

"आठवडा कुठून आणू? परवा सुट्टी संपतेय. मला पोचायला नको?"

मी तिच्याकडे बघितलं. ती पेटीत पुस्तकं भरत होती. मी लगेच कापड पसरलं, खडू घेतला आणि पहिली रेघ वाकडी मारली. मी! रेघ!

दुपारी घड्याळवाला रस्ता ओलांडून आला. हातात चहाचे दोन कप. काकूंनी त्याला किती सांगितलं होतं कोण जाणे. त्याने एक कप माझ्यापुढे ठेवला.

"साखर कमी आहे," तो म्हणाला. "तू आधीच फार फुगलायस."

"पोरगी कोणाची आहे!"

"तिची ती आहे. तू नुसता शिंपी." मग म्हणाला, "आमचा परत परीक्षेला बसतोय. लागला तर कोट तुझ्याकडेच. पण बटणं बघून लाव बाबा."

हे होऊन काही महिने झाले. मागच्या सुट्टीत टाचणी आली तेव्हा काकू पुन्हा मापाला आल्या. यावेळी रंग फिका निवडला, मोत्यासारखा, आणि म्हणाल्या, अंगाबरोबर बसू दे. आता तोच घालून त्या बाजारभर फिरतात आणि कोणी शिवला हे मी सगळ्यांना सांगतो. असा का शिवला, ते टाचणीला ठाऊक.

घड्याळवाल्याच्या पोराचा निकाल अजून लागायचाय. टाचणीचा जुना कोट मी धुऊन, इस्त्री करून आतल्या खुंटीला टांगलाय. पोरगाही तिच्यासारखाच काटकुळा आहे. खांदे तेवढे उसवावे लागतील, बाह्या सोडाव्या लागतील. कापड आत ठेवलेलं आहेच, आणि बटणं आधीपासून त्याच्याच बाजूला आहेत.