जागेश्वरची खळ

नंदनवन वस्तीतल्या जागेश्वरची संध्याकाळ घड्याळावर नाही, डब्यावर सुरू व्हायची. हिरवा, गोल डबा, वर ‘लिव्हरचा रक्षक’ असं ठळक छापलेलं. शाळेत लिपिक असलेला हा सज्जन माणूस चमचाभर हिरवट पूड पाण्यात ढवळायचा, तोंड वाकडं करून गिळायचा आणि मगच दारूचा ग्लास भरायचा. पूड घरात यायच्या आधी दोन पेग होते, पूड आल्यावर चार झाले. खोटं कशाला सांगा, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका ते मोजत असत.

त्यामागचं शास्त्र अस्सल उमरेडचं होतं. तिथलं त्याचं घराणं विणकरांचं, माग मोडूनच तीस वर्षं झाली. लहानपणी जागेश्वर ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला भाताच्या पेजेची खळ लावायचा. खळ बसली की सूत मागावर घासलं तरी तुटत नाही.

“लिव्हरचं बी तसंच हाय वं,” तो बायकोला समजवायचा. “आधी खळ लावली, मंग कितीबी घासा.”

“मंग लुगडं विणून राहिले का पोटात?” प्रेमलता विचारायची. “विणलं तर मले दाखवा.”

पुढे शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे तिपटीवर. डॉक्टरांनी डबा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “याच्या भरवशावर पिऊ नका. आत्ता थांबलात तर लिव्हर सावरेल. वर्षभर असंच चाललं तर सांगता येत नाही.”

घाबरलेल्या जागेश्वरने त्या संध्याकाळी काय करावं? दोन चमचे पूड ढवळली.

व्हरांड्यात त्याची आई जनाबाई बसली होती. वय ऐंशी, पण एके काळी खळ लावावी तर तिनेच.

“काय ढवळून राहिला गा?”

“खळ, माय.”

“अन् लगेच वरून दारू?”

“हो.”

“खळ दिल्यावर आपण ताणा सुकवत होतो ना? तू तर रोज खळ लावतं अन् रोज वल्लं करतं. सुकू कधी देशील त्याले?”

जागेश्वरचा चमचा थांबला. दहा वर्षांचा असताना त्याने घाईघाईत ओलाच ताणा गुंडाळला होता. धागे एकमेकांना चिकटले, पटापट तुटले. माय दोन दिवस मान खाली घालून गाठी मारत बसली होती, आणि त्याला एका शब्दाने बोलली नव्हती.

ग्लास मोरीत रिकामा झाला. पहिला आठवडा हात थरथरले, डॉक्टरांकडे दोन चकरा झाल्या, प्रेमलतेने टोमणे मारायचे बंद केले. तीन महिन्यांनी आकडे उतरले. अजून पुरते जागेवर नाहीत.

हिरव्या डब्यात आता जनाबाईची सुपारी असते. कोपऱ्यावरचे जुने पिणारे सोबती हाक मारतात, “काहून गा जागेश्वर, येत नाही?”

“सूत सुकून राहिलं,” तो म्हणतो आणि पुढे निघतो.

त्यांना काही उमगत नाही. गच्चीवरच्या बायकांना विचारा, त्या पहिल्यापासून सांगतील.