दौलतचा हात आणि अरबाबची फरशी

देवाने कुणाला डोकं दिलं, कुणाला नशीब दिलं आणि पाटण तालुक्यातल्या दौलत जाधवला हात दिला. निदान दौलतचं म्हणणं तसं होतं. नळकामात त्याने कधी मापाचं यंत्र धरलं नाही. पाइपाला तळवा लावायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "इथं अडकलंय." बहुतेक वेळा तिथंच अडकलेलं असे. नसे, तेव्हा दोष पाइपाचा.

दुबईत त्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि ती सगळी कंपनीच्या पिकअपच्या उघड्या मागच्या भागात गेली होती. सिमेंटच्या गोण्या, शिड्या आणि दौलत. पुढे, ड्रायव्हर बदरुद्दीनच्या शेजारी, गार हवेत बसायचा मान फोरमनचा. दौलतला दुसरं काही नको होतं. ती सीट हवी होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टात जुमेरा वस्तीतला एक अरबाब, म्हणजे तिथल्या घराचा मालक, आईच्या गुडघ्यांवर इलाज करून जर्मनीहून परतला. येताना खूळ घेऊन आला. तिकडे म्हणे पायाखालची फरशीच उबदार असते. आपल्याकडेही हवी, आईसाठी, हिवाळ्याच्या आत. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत अरबाब फरशी तापवायचं बोलत होता. कंपनीचे इंजिनियर, पुण्याचे धनंजयसाहेब, लगेच म्हणाले, "एक्सलंट आयडिया, सर!" बिल देणाऱ्याने वाळवंटात शेगडी मागितली असती तरी साहेबांची मान तशीच हलली असती.

घर पंचवीस वर्षांचं. जुन्या फरशीवर प्लास्टिकची नळी नागमोडी पसरायची, तिच्यावर सिमेंटचा थर, वर नवी फरशी. नळीत गिझरचं गरम पाणी छोट्या पंपाने फिरवायचं. एवढंच काम.

"दौलत," साहेब म्हणाले, "ही फरशी गरम झाली तर तू फोरमन. पुढे बसशील."

दौलत त्या दिवशी जेवला नाही. आनंदाने त्याचं पोट भरलं होतं.

नळी अंथरून झाली. किसन नावाचा बीडचा गवंडी, मुकाट स्वभावाचा, त्याने फरशी अशी बसवली की वरून पैसा घरंगळला तरी अडू नये. शेवटी राहिला जोड. न्हाणीघराची भिंत फोडली तर आत दोन पाइप निघाले, सारख्या जाडीचे, एकाच रंगाचे. गिझरचा कुठला, गच्चीवरच्या टाकीचा कुठला? जुन्या घराचा नकाशा कुणाकडेच नव्हता.

"टेस्ट करावी लागेल," साहेब म्हणाले.

"टेस्ट कशाला, साहेब? मी आहे की." दौलतने डोळे मिटले आणि दोन्ही पाइपांना तळवे लावले. डावा गार. उजव्याला हात लागताच त्याने झटक्यात मागे घेतला. "हा गरम पाण्याचा!"

जोड झाला, पंप सुरू केला. तासाभरात फरशी अशी तापली की अरबाब अनवाणी उभा राहिला आणि नाचतच बाहेर आला. "माशाल्ला!" अरबाब ओरडला. साहेबांनी कागदावर सही ठोकली. दुसऱ्या दिवशी दौलत पुढच्या सीटवर बसला.

त्याने बर दुबईच्या बाजारातून काळा चष्मा आणला. सीटवर बसून फोटो काढला आणि सत्यभामेला, आपल्या बायकोला, गावी धाडला. मागे बसलेल्यांशी तो आता हिंदीत बोलू लागला. मराठीत हुकूम नीट उमटत नाही, असा शोध त्याला लागला होता.

जानेवारी आला. पहाटे समुद्रावरून बोचरं वारं सुटलं. अरबाबच्या आईने कौतुकाने पाऊल टाकलं आणि किंचाळली. फरशी बर्फ झाली होती. पंप जितका जोरात चालवावा तितकी ती जास्तच गारठे.

सगळे धावले. साहेबांनी गुडघे टेकून फरशीला कान लावला, जणू तीच कबुली देणार होती. उठून हळूच म्हणाले, "किसनने सिमेंट टाकताना नळी दाबली असणार. अरबाबला तसंच सांगतो. फरशी फोडू, किसनला गावी परत पाठवू."

किसन शेजारीच उभा होता. त्याने नुसती थापी पुसली.

दौलत न्हाणीघरात गेला आणि जोडाच्या जागी पुन्हा तळवे लावून पाहू लागला. कुलसुम, त्या घरची हैदराबादची स्वयंपाकीण, बादलीत पाणी घेत होती.

"गर्मियों में गिझर कौन चलाता, भाई?" ती म्हणाली. "बंद गिझर का पानी ठंडा रहता, हम उसीसे नहाते. टाकी का पानी धूप में उबलता. बच्चा बच्चा जानता यहाँ."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"दीवार कू पूछे तुम, आँखां बंद करके. मेरे कू पूछते तो क्या जाता था?"

दौलतच्या ध्यानात आलं. ऑगस्टात तापलेला पाइप टाकीचा होता. चार महिने अरबाब उन्हावर शेकलेलं पाणी पायाखाली फिरवत होता आणि आता टाकीच गारठली होती. तोंड मिटलं तर सीट राहते, किसन जातो. तोंड उघडलं तर किसन राहतो. हिशेब सोपा होता, म्हणून तर जड होता. अर्धा तास तो तिथेच बसला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

मग दिवाणखान्यात जाऊन मोडक्या अरबीत म्हणाला, "अरबाब, गलत अना सव्वी. चूक माझी. नळी ठीक आहे. जोड मी चुकवला."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने भर सभेत धोतर सोडलंय.

जोड बदलायला दोन तास लागले. संध्याकाळी फरशी कोंबडीच्या पंखाखाली असावी तशी उबदार झाली आणि म्हातारी त्यावर पाय पसरून खजूर खात बसली. साहेबांनी अहवालात लिहिलं, "ऋतुमानानुसार सुधारणा केली." अरबाबने साहेबांची पाठ थोपटली.

सकाळी कामगारांच्या कॅम्पच्या फाटकात पिकअप उभी राहिली. पुढच्या सीटवर किसन बसला होता. साहेबांनीच त्याला फोरमन नेमलं. गळ्यावर सुरी आली तरी जो तोंड उघडत नाही, असा फोरमन कंपनीला सात जन्मांत मिळत नाही.

बदरुद्दीन खिडकीतून दौलतला म्हणाला, "चढ़ो उस्ताद, यल्ला, देर हो रही है."

किसनने घसा खाकरला. आयुष्यातला पहिला हुकूम होता, नीट जमायला हवा होता.

"दौलतदादा, इथून पुढं हात लावून ठरवायचं नाही. आधी विचारायचं."

"कुणाला?"

"मला," किसन म्हणाला.

दौलत एक पाय चाकावर ठेवून वर चढला आणि गोणीवर बसला. किसनला वाचवलं याचं त्याला समाधान होतं. पण मागच्या बोचऱ्या वाऱ्यात ते समाधान वाटेतलं देरा येईपर्यंतच टिकलं.